कोपऱ्यातली नदी

ल्युंगोस, २० एप्रिल

चि. स्तेलान यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. खेळताना कानांवर ती हेडफोनची दोन भांडी चढवून बसल्यावर तुला घंटा ऐकू येणार कशी? आई गेल्यापासून बाबा धड जेवत नाहीत. दिवसभर टीव्हीपुढे. शिकार मंडळाने यंदाही नदीवर कॅमेरा लावलाय. मूस हरणं पोहून पलीकडे जातात ती बघायला आता बाबा आणि आणखी दोन म्हातारे, एवढेच उरलेत. रोज विचारतात, पोरगं बघतं का गं? मी हो म्हणते. मला खोटी पाडू नकोस, आणि एकदा येऊन जा.

तुझी रागावलेली, तरी तुझीच,
अनेली

माल्मो, २५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

खोटी नाही पडलीस. मॉनिटरवर खेळ चालू असतो आणि खाली कोपऱ्यात, आगपेटीएवढ्या चौकटीत, आपली नदी. बाबांना सांग, यंदाचं पहिलं मूस मीच बघणार. हरलो तर घरी येऊन वर्षाचं सरपण फोडून देईन. खरं सांगू? काम सुटल्यापासून घराबाहेर पाऊल टाकवत नाही. तिकीट काढून स्टेशनावरून परत आलोय. खेळात लोक मला हाका मारतात, तेवढीच माणसं उरलीत. हे बाबांना कळू देऊ नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
स्तेलान

ल्युंगोस, ३० एप्रिल

चि. स्तेलान, अ. आ.

पैजेचं ऐकून बाबा हसले रे. पाव खाल्ला, वर मासाही. पोरगं कोपऱ्यात बघतं ना, मग आपणच कोपऱ्यात जाऊ, म्हणाले. शनिवारी चार वाजता कॅमेऱ्यापुढे काठावर उभे राहून तुला हात करणार आहेत. लाल टोपी घाला म्हटलं तर नको, तो जुना तपकिरी कोटच हवा. काठावर अजून बर्फ आहे, आणि माझी नेमकी त्या दिवशी इस्पितळात कामाची पाळी. पण ऐकतील तर ते बाबा कसले. तू तेवढा वेळ खेळ थांबव आणि बघ. मग त्यांना फोन कर.

एवढं मागणं ऐकच.
अनेली

माल्मो, २ मे

ती. ताईस सा. न.

पैज जिंकलो! आत्ता, चारच्या सुमारास. ऐन लढाईत होतो, डोळ्याच्या कडेने दिसलं. अलीकडच्या काठावर तपकिरी, भलामोठा नर. बराच वेळ उभा होता, डोकं सारखं वर-खाली करत. मग बर्फावरून पुढे आला आणि पाण्यात उतरला. पलीकडे निघाला ते दिसलं नाही, तेवढ्यात माझ्यावरच हल्ला झाला. बाबांना म्हणावं, सरपण तुमचं तुम्ही फोडा. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसलो. पण हरलोच समज. जूनमध्ये येतो, या वेळी नक्की.

लोभ आहे, तसाच राहू दे.
स्तेलान

ल्युंगोस, ६ मे

ती. गुद्रुन आत्यास सा. न.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे तातडीच्या टपालाने. स्तेलानने शेवटी एकदाचा फोन उचलला, तेव्हा मी सांगितलं की बाबा झोपेत गेले. काठावरचा बर्फ फुटला, हे तोंडातून निघेचना. आज त्याचं शनिवारचं पत्र आलं. सोबत ठेवलंय, वाच. माझं तीस तारखेचं पत्र त्याला तेव्हा मिळालंच नव्हतं. एक मेची सुट्टी, मग शनिवार-रविवार. मी कशी विसरले, आत्या? तू त्याच गावात आहेस, त्याच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे. तो टपाल आठ-आठ दिवस उचलत नाही. माझं पत्र दाराशी पडलं असेल, ते घेऊन ये आणि जाळून टाक.

तुझीच,
अनेली

माल्मो, ८ मे

चि. अनेलीस अनेक आशीर्वाद.

लगेच गेले गं. पत्र टेबलावर होतं, फोडलेलं. स्तेलान खुर्चीत बसला होता. डोक्यावर हात ठेवला तरी हलला नाही. खेळ त्याने बंद केलाय. नदी आता सगळ्या पडद्यावर आहे आणि काठावर कुणी नाही. बाळा, काय बघतोस, असं विचारलं, तर म्हणाला, आता नीट बघतोय, आत्या.

मी इथेच थांबते. तू मिळेल त्या गाडीने निघ.
तुझी आत्या