कुंड्यांना आमंत्रण

अहो,

आज लिहायला बसले, कारण सकाळी कन्नडहून धाकटीचा फोन आला. तिच्या पिंकीचं रविवारी लग्न. "ताई, तुझ्या पामच्या कुंड्या पाठव. स्टेज कसं भरल्यावानी दिसंल. तू मातर मागून निवांत ये. भाऊजी जाऊन वर्षबी नाय झालं, लोकं उगं बोलतेत." कुंड्यांना आमंत्रण आणि मला नाही! मी नुसतं "बरं" म्हणाले.

लग्नांना कुंड्या भाड्यानं द्यायचा उद्योग तुम्ही काढलात आणि गच्चीवर हे जंगल माझ्या गळ्यात टाकून गेलात. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून घर सोडता येत नाही. बोअरचं पाणी घातलं की तुमच्या लाडक्यांच्या पानांची टोकं करपतात ना! मी मात्र त्याच पाण्यानं केस धुते.

लेक म्हणते, "विकून टाक आणि पुण्याला ये." विकू कशी? पानं पुसायला बसलं की तुम्ही शेजारी असल्यासारखे वाटता. मग तुमचाच राग येतो. अडकले आहे हो मी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

आठवतं, चमक यावी म्हणून तुम्ही पानांना खोबरेल चोळलंत? दौलताबादला पोचेपर्यंत रस्त्याची सगळी धूळ पानांवर! नवरीचा मामा म्हणाला, "भाऊ, किल्ल्यातून खणून आणल्या का ह्या?" सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात. त्या लग्नात मी नवरीजवळ उभी राहून फोटो काढला होता. तेव्हा कुणाला माझं वावडं नव्हतं.

दुपारी ओल्या फडक्यानं पानं पुसली, वाळकी टोकं कातरली. टेम्पोच्या वाऱ्यानं मोडू नयेत म्हणून झावळ्या सुतळीनं बांधायला घेतल्या आणि रडूच फुटलं. पिंकीला पहिली अंघोळ मी घातली होती. आता माझ्या हातची झाडं तिच्या शेजारी उभी राहणार आणि मी इथं भिंतीकडे बघत बसायचं?

नाही बसणार. तुम्हाला शब्द देते. रविवारी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मी असेन. कुंड्या स्टेजवर मीच लावीन आणि अक्षता पडेपर्यंत तिथून हलणार नाही. ज्याला माझी अडचण होईल, त्यानं आधी एक कुंडी उचलून खाली ठेवावी, मग मला.

तुमची,
सुनंदा