मागच्या दारासमोरचे रॅक

बेल्याच्या माझ्या आईस, मेडचलहून सुनयनाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहो. गोदामात आता कानातलं यंत्र सांगते, कोणत्या रॅकवरून काय काढायचं. ऑर्डरी भरभर निघून राह्यल्या. साहेब खूश आहे.

फक्त जागा वाढवाले त्यानं मागच्या दारासमोरच रॅक उभे केले. काल वायर जळल्याचा वास आला. मी साहेबाले म्हटलं, "आग लागली तं बाया निघतीन कुठून?"

"पहिले ऑर्डर काढ," तो म्हणे.

आमी साऱ्या बाया बाहेर जाऊन उभ्या राह्यलो. तेव्हा कुठं त्यानं वायर बदलली. रॅक मात्र तसेच आहेत. आज पुन्हा कामावर चालली.

बाबाचा खोकला कसा आहे? कापूस वेचून झाला काय?

धाकट्या हर्षालीले इकडं धाडू नको. तिनं विचारलं तं जागा भरली म्हणून सांगजो.

तुझीच,
सुनयना