पेटीतली पॅरिसची वेळ

नायजर नदीकाठची छावणी,
मार्च १९०१

माझ्या लाडक्या अन्नाइग,

तुला आणि आपल्या छोट्या लोइकला खूप खूप पापे. ताप उतरलाय, काळजी करू नकोस. अंथरुणातच होतो म्हणून मागचं पत्र राहिलं, एवढंच.

इंग्रजांची आणि आपली हद्द आखायला दोघांच्या तुकड्या ताऱ्यांवर दुर्बिणी लावून बसतात. तारा आणि घड्याळ जुळवलं की हद्द कुठून जाते ते कळतं. आमचं घड्याळ पॅरिसच्या वेळेवर, त्यांचं लंडनच्या. कुणाची वेळ धरायची, यावरून महिनाभर भांडण. त्यांचा हार्कनेस मला चिडवतो, "तुझं घड्याळ फक्त जेवायच्या वेळेला बरोबर असतं!" मी म्हणतो, "तुमच्यात त्याला जेवण म्हणतात होय?" गावचा म्हातारा दोघांना विचारतो, "बाबांनो, माझ्या शेळ्यांनी कुणाच्या राज्यात चरायचं, ते आधी सांगा." तेव्हा आम्ही दोघंही घाईने दुर्बिणीला डोळा लावतो.

आपल्या गावच्या स्टेशनावरही पॅरिसचीच वेळ ना! म्हणून घड्याळाची पेटी उघडली की मला तू दिसतेस. आता सार्डिन मासळीच्या कारखान्यात, आता चुलीपाशी सूप ढवळताना. आई अजून खोकते का गं? छप्पर गळायचं थांबलं का?

काल हुकूम आला. वरच्यांचा सौदा झालाय: नदीचा अलीकडचा काठ आपला, वेळ मात्र लंडनची. उद्या मलाच काटे मागे घ्यायचेत. मग माझं घड्याळ तुझ्या घड्याळाच्या नऊ मिनिटं मागे. हिशेब येतो गं मला. पण तू दिवा मालवून झोपलीस, तरी इथे नऊ मिनिटं मला वाटत राहील, की तू जागी आहेस.

तिकडेच जीव लागलेला,
तुझा कोरेंता