स्टिंगरेचा बंदोबस्त

४ मार्च
लेक स्कूबा डायव्हिंग शिकणार म्हणते. एकटी! लगेच इंटरनेट पालथं घातलं. समुद्रात स्टिंगरे नावाचा चपटा मासा वाळूत दडून बसतो. शेपटीला विषारी काटा. बायकोला वाचून दाखवलं, तर म्हणाली, आधी दुधाखालचा गॅस बंद करा. ठरलं. मीही शिकणार. बाप कशासाठी असतो? भीती वगैरे मुळीच नाही.
दूध उतू गेलं.

९ मार्च, सकाळ
महत्त्वाचा शोध! स्टिंगरे आपणहून अंगावर येत नाही. पाय पडला तरच काटा मारतो. उपाय: उथळ पाण्यात पाऊल उचलायचं नाही, वाळूतून घासत न्यायचं. चाहूल लागली की तो पळतो. आजपासून घरात सराव.

१२ मार्च
स्वयंपाकघर ते गॅलरी, घासत. झकास प्रगती. बायकोच्या मते फरशी इतकी चकचकीत कधीच नव्हती. ऑफिसातही तसाच चाललो. साहेबांनी काळजीनं गुडघ्यांची चौकशी केली.

२० मार्च
स्विमिंग पुलात पहिला धडा. तळाशी करडं, चपटं काहीतरी हललं. मी क्षणात वर. रबरी चटई निघाली. प्रशिक्षक म्हणाला, काका, स्टिंगरेपेक्षा घाबरलेला माणूस जास्त धोक्याचा, खोल पाण्यातून असे वर आलात तर फुप्फुसं फाटतील. मुलगा चांगला आहे, पण घाबरट.

२ एप्रिल, पहाटे
आज समुद्र! लेकीला आनंदानं झोप लागली नाही. मलाही नाही. आनंदानंच.

२ एप्रिल, संध्याकाळ
गुडघाभर पाण्यात सगळे उभे होते. प्रशिक्षकाच्या आधी मीच सूचना दिल्या. पाय घासत न्या, असं पाऊल उचलून टाकू नका. ‘असं’ म्हणजे कसं, ते करून दाखवलं.
खाली तो होता.
ओरडलो नाही. निदान पहिला सेकंद तरी नाही. डॉक्टरांनी काटा काढला आणि सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायला सांगितलं. डायव्हिंगला नेणारी बोट आमच्याविना निघून गेली. लेकीचा सूट गुडघ्यांच्या वर कोरडाच राहिला. पण तिला ओरखडासुद्धा नाही, म्हणजे बंदोबस्त शंभर टक्के यशस्वी.
बादलीत गरम पाणी ओतता ओतता तिनं हळूच विचारलं, “बाबा, पुढच्या वेळी मी एकटी जाऊ?”
जा म्हटलं. तिचा चेहरा एकदम खुलला. मी बरोबर येणार म्हटलं होतं, तेव्हा इतका खुलला नव्हता.