डबा मीच भरणार

सोमवार, ३ मार्च २०२५

भरणार म्हणजे भरणारच!

शिरोलीच्या फाउंड्रीतलं मशिन जुनं, त्याला इंटरनेट नाही. भट्टीचं तापमान बघणारा आमचा प्रोग्राम तिथे चालवायचा तर त्याला लागणाऱ्या सगळ्या फायली एका डब्यात भरून न्यायच्या. जग कंटेनर म्हणतं, आमच्या ऑफिसात डबा. तयार साधनानं भरलेला डबा त्या मशिनवर मावतच नाही. म्हणून मी कोड लिहिलाय — तोच फोल्डर उभे करतो, लागतील तेवढ्याच फायली ठेवतो, परवानग्या लावतो.

विश्वजितसर म्हणाले, "अनुजा, रेडिमेड मिळतंय न्हवं? शिवत कशाला बसतीस?"

अंगात बसत नाही म्हणून, सर! मी तोंडावर म्हणाले. बरं वाटलं.

शनिवारी फाउंड्रीत चाललं नाही तर काम ऋतुराजकडे जाणार. तो परवा परवा आलाय ऑफिसात!

बुधवार, ५ मार्च

डबा सुरूच होईना. "फोल्डर सापडत नाही" — एवढंच बोंबलतोय. ऋतुराज मागे उभा राहून चहा पितोय. शेजारच्या टेबलावरची नाजिया हळूच म्हणाली, "दिऊन टाक की त्याला. कशाला वाकडं घेतीस?" हिचं कायम असंच, मऊ. ऋतुराजपेक्षा तिचाच राग आला.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं!! चूक माझीच. जागा वाचवायच्या नादात मीच ओळ लिहिली होती — रिकामा फोल्डर दिसला की वगळ. पण डबा सुरू होताना सिस्टीम आपलं सामान त्याच रिकाम्या फोल्डरांत आणून ठेवते. ते नाहीत, आणि आत नवीन काही करायला मीच बंदी घातलेली. मग ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर? अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

ती ओळ उडवली. डबा एका फटक्यात चालू.

शनिवार, ८ मार्च

फाउंड्रीत चालला! सुपरवायझर ओरडलेच, "आयला, पळतंय की ओ पावणं!"

ऑफिसात परत आले तर सरांनी मला आणि नाजियाला एकेक गुलाब दिला. महिला दिन! आणि लगेच — "हितनं फुडं फाउंड्रीचं ऋतुराज बघंल. भट्टीवर पोरींनी कशाला? तू त्याला सगळं समजावून दे, म्हंजे झालं."

गुलाब त्यांच्याच टेबलावर ठेवला. नाही समजावणार! हा अन्याय आहे, आणि मी तो गिळणार नाही. नाजिया मान खाली घालून बसलेली. अगं, बोल की काहीतरी! फार वाईट वाटलं.

सोमवारी राजीनामा. एकटी तर एकटी.

सोमवार, १० मार्च

राजीनामा घेऊन केबिनमध्ये गेले. सरांच्या पुढ्यात एक आधीच पडलेला. नाजियाचा!

खाली आले तर ती गाडीला टेकून उभी, हातात किल्ली. "उद्यमनगरात गाळा घेतलाय भाड्यानं. बोर्डावर कुणाचं नाव आधी घालायचं, तेवढं सांग."