विहीणबाईंची वेणी

४ मार्च
विहीणबाई आल्या. आपल्या घरी जिन्यावरून पडल्या होत्या, दोन्ही मनगटं प्लास्टरात. त्यांना स्पॅनिशशिवाय काही येत नाही, मला स्पॅनिशचं अक्षरही येत नाही. मुलगा आणि मराठी शिकलेली सून उद्या कामावर. घरात आम्ही दोघीच.

५ मार्च
दात घासायला ब्रश पुढे केला, त्यांनी तोंड फिरवलं. केसांना हात लावू देईनात. विहिणीचा मान राखू की दात घासू?

७ मार्च
त्यांच्या मागच्या केसांत गाठी झाल्यात. मुलगा म्हणाला, "आई, झेपत नसेल तर हात बरे होईपर्यंत त्यांना शुश्रूषागृहात ठेवू." सून ताट उचलून आत गेली. तिची आई ती! म्हटलं, थोडे दिवस दे मला.

८ मार्च
ग्रंथालयातून स्पॅनिशचं पुस्तक आणलं. धडा – सकाळची तयारी. मे लावो लोस दिएन्तेस – दात घासते. मे पेइनो – केस विंचरते. 'माझे दात' म्हणायचं नाही, नुसते 'दात'. आपल्यासारखंच की.

९ मार्च
फजिती. ब्रश घेऊन म्हटलं, "मे लावो लोस दिएन्तेस." त्यांनी मान डोलावली आणि बघत बसल्या. कंगवा दाखवून "मे पेइनो" म्हटलं, तर अदबीनं सरकून मला आरसा मोकळा करून दिला!

संध्याकाळी सुनेला सांगितलं. हसता हसता खालीच बसली. "अहो आई, 'मे' म्हणजे आपलं आपण. तुम्ही तिला सांगत होतात, मी माझे दात घासते. तिचे घासायचे तर 'ले' म्हणा, केस विंचरताना 'ला'. आणि आधी विचारा – पुएदो? म्हणजे, करू का?"

करू का. हे मी विचारलंच नव्हतं. मराठीतसुद्धा नाही.

१० मार्च
"पुएदो?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं.

११ मार्च
आज केस. तेल लावून, टोकाकडून, थोडे थोडे. एका गाठीला "आय" म्हणाल्या – आपल्या 'आई गं'ची सख्खी बहीण. दुपारपर्यंत गुंता सुटला, वेणी घातली. आरशात पाहून त्या रडल्या, मग मीही. किती हलकं वाटलं! मुलाला बजावलं, शुश्रूषागृहाचं नाव काढायचं नाही. सून येऊन मला चिकटून बसली.

२० मार्च
विंचरताना त्या स्पॅनिशमध्ये बोलतात, मी मराठीत. त्यांचे हे गेले, माझेही. त्यांचं घर दिवसभर रिकामं, माझंही तसंच. एवढं कळलं, बाकी अंदाज. सून विचारते, काय एवढं बोलता? म्हटलं, विहिणी काय बोलणार – तुमच्या चहाड्या.

१४ एप्रिल
प्लास्टर निघालं. हात बारीक झालेत, पण बोटं चालतात. सुटले बाई काळजीतून. त्या परवा आपल्या घरी जाणार.

१६ एप्रिल
त्यांची बॅग भरत होते. त्यांनी माझं कपाट उघडलं, माझे कपडे काढून आपल्या कपड्यांवर ठेवले. "नोस वामोस."

सून दारात थबकली. "आई, ती म्हणतेय, तुम्ही दोघी निघताय."

मुलगा म्हणाला, "आई?"

मी चपला शोधायला गेले.