तुळसाबायची तहान

४ एप्रिल
पोचले एकदाची! हातखंब्याला एसटीतून उतरले तेव्हा अंगाची लाही होत होती, पण रिक्षा सड्यावर चढली आणि असा वारा सुटला की पदर सांभाळता येईना. सडा म्हणजे इथला कातळाचा उघडा माळ. त्याच्या कडेला आमचं ‘कातळघर’. आमचं म्हणतेय मी, पहिल्याच दिवशी! चार खोल्या, चिऱ्याच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन. कऱ्हाडच्या मुलींच्या वसतिगृहात अकरा वर्षं काढल्यावर ही व्यवस्थापकाची नोकरी म्हणजे माहेरपणच वाटतंय. स्वयंपाकाला खालच्या वाडीतली सावित्री येते. तिनं कुळथाचं पिठलं आणि गरम भात वाढला. तीन वेळा मागून घेतला.

७ एप्रिल
मालक गुरुप्रसाद सर मुंबईहून आले आणि सगळं फिरून दाखवून गेले. वीज सूर्याची. भांडी राखेनं आणि काथ्यानं घासायची. प्लास्टिक फाटकाच्या आत येता कामा नये, पाणी काचेच्या बाटल्यांतून द्यायचं. आंघोळीचं पाणी केळींना जातं. संडासातल्या खड्ड्यांवर पालापाचोळा टाकायचा, वर्षाभरात त्याचं खत होतं. नाक मुरडत वाकून पाहिलं, खरंच वास नाही!
सरांचा जीव मात्र तळ्यावर. छातीएवढं खोल, औषधाचा थेंब नाही, काठच्या कर्दळी आणि वाळाच पाणी स्वच्छ ठेवतात. पाहुणे त्यात पोहतात. हे सगळं पाणी वरच्या झऱ्याचं. पूर्वी ते पाटानं खालच्या वाडीत जायचं. सरांनी झऱ्यासकट जमीन घेतली, नळ टाकला, वाडीला बोअरवेल मारून दिली. झऱ्यापाशी पितळी कॉक आहे, त्याची किल्ली आता माझ्या कमरेला.

१२ एप्रिल
चारही खोल्या भरल्या. पाहुणे खूश. आज दुपारी वाडीतली एक म्हातारी दोन हंडे घेऊन आली. तुळसा नाव. बोअरवेलला आता नुसता गाळ येतो म्हणाली. मी भरून दिले. तिनं आधी तळ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला आशीर्वाद दिला. एका पाहुणीनं तिचे फोटो काढले.

१४ एप्रिल
सरांचा फोन. पाहुणीनं म्हातारीचे फोटो इंटरनेटवर टाकले होते, ते त्यांनी पाहिले होते. आवाज चढवला नाही, पण म्हणाले, राजश्रीताई, आज एक हंडा दिलात तर उद्या अख्खी वाडी रांग लावेल, आणि मे महिन्यात तळं आटलं की पाहुण्यांना तोंड तुम्ही द्यायचं. फाटकाला आतून कुलूप घालायला सांगितलं. घातलं.

१७ एप्रिल
वाईट बातमी. तुळसाबाय दुपारी चढणीवर उन्हानं चक्कर येऊन पडली, ती गेलीच. वय झालं होतं. सावित्री कामावर आली नाही. पाहुण्यांना काही सांगितलं नाही.

२२ एप्रिल
सावित्री नाही, स्वयंपाक मीच करते. बाटलीतलं पाणी पिऊन एका पाहुण्यानं आणखी मागितलं, मग आणखी. जेवणापूर्वी आठ बाटल्या. पाणी चांगलं आहे हो, पण तहान जात नाही, असं हसत म्हणाला. संध्याकाळी त्याची बायकोही तेच म्हणाली. उन्हाळा भयंकर आहे यंदा.

२६ एप्रिल
पाण्याची तपासणी करून घेतली. अगदी निर्दोष. तरी सकाळपासून सगळे पिताहेत. पोटं टम्म आणि ओठ मात्र फुटलेले, जिभा पांढऱ्या. दोन कुटुंबं ठरल्या दिवसाआधी निघून गेली. मीही पिते. गार, गोड पाणी. घशाखाली उतरतं आणि कुठं जातं कळत नाही. जणू तापल्या कातळावर शिंपडावं.

२९ एप्रिल
तळ्यात बेडूक मेलेत. मेले म्हणजे वाळलेत. पाण्यात तरंगताहेत आणि सुकटीसारखे वाळलेत. हातात घेतला तर मोडला. केळींची मुळं चिखलात आहेत आणि पानं जळालीत. मी बेडूक गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकले, वर पाला टाकला. नंतर बराच वेळ हात धुतले. धुतलेले हात ओले होत नव्हते.

१ मे
सावित्री आली, तिची कोयती आणि पातेलं न्यायला. मी पाणी पुढे केलं तर दोन पावलं मागे सरली. स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. मग तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. “तुळसाकाकी रोज भर दुपारची झऱ्यावर बसते. आमी बघतो खालून. काय करत नाय ती, पानीपन पित नाय. नुसता हात ठेवते वरती. तुमचा पानी तिनं धरून ठेवलंन, बाय. तुमी जा हितनं.”
मी रागावले तिच्यावर. अडाणीपणा म्हणाले. तिनं मला एकच विचारलं. त्या दिवशी तुळसाकाकी फाटकाशी किती वेळ होती?
मी तिचं पातेलं आणून तिच्या हातात दिलं.

३ मे
सर आले. उरलेले पाहुणेही गेलेत, म्हणून चिडलेत. माझ्यासमोर घटाघट तीन बाटल्या प्यायले, बघा, काय झालंय पाण्याला, म्हणाले. मग चौथी मागितली.
सतरा तारखेचं मी खरं लिहिलं नव्हतं. आता लिहिते.
ती चढणीवर नुसती चक्कर येऊन पडली नाही. ती बारा वाजता फाटकाशी आली होती. बाय, दोन हंडे दे गो, घरात थेंब नाय, म्हणाली. मी गजांतून सांगितलं, पाहुणे आहेत, चारनंतर ये. ती म्हणाली, बसते. सड्यावर झाड नाही. उन्हात बसली. अर्ध्या तासानं पडवीत जेवायला बसलेल्या एक पाहुण्या बाई म्हणाल्या, ती तिथं बसलीय ते बघून जेवण जात नाही. तेव्हा मी जाऊन तिला उठवलं. हाकललं. आत लोक पोहत होते, ती त्यांच्याकडे बघत होती. पहिल्याच वळणावर पडली. मी पाहिलं. पंगत बसली होती, मला वाढायचं होतं. वाढून झाल्यावर खाली गेले.
तेव्हा ती जिवंत होती. ओठ हलवत होती. माझ्या हातात काही नव्हतं. पाणी न्यायचं मला सुचलंच नाही.

५ मे
सर गेले.
सकाळपासून दिसले नव्हते. तळ्याच्या काठच्या उथळ पाण्यात सापडले. चार पायांवर, जनावरासारखे, तोंड पाण्यात. मी केसाला धरून ओढलं तर माझा हात झटकला आणि पुन्हा तोंड घातलं. पीत होते. शेवटपर्यंत पीत होते. बाहेर काढले तेव्हा जीभ काळी, डोळे खोल गेलेले. डॉक्टरांनी हाताची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. अंगात पाणीच उरलेलं नाही म्हणाले. मला विचारलं, यांना किती दिवस उन्हात ठेवलं होतं?
वर बघितलं. झऱ्यापाशी कुणीतरी बसलेलं होतं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही. पण ती डॉक्टरांकडे नव्हती बघत. सरांकडेही नाही.

६ मे
पळाले. हातखंब्यापर्यंत. टपरीवर बाटल्या घेतल्या, प्लास्टिकच्या, सहा. एसटीच्या थांब्यावर बसून सगळ्या संपवल्या. लोक बघत होते. काही उपयोग नाही. झऱ्याचं नव्हतं ते पाणी, तरी नाही. म्हणजे पाण्यात नाही — माझ्यात आहे.
गाडी आली. चढले नाही. कुठं जाणार?

७ मे
खालच्या वाडीत गेले. तुळसाबायचा नवरा सखाराम दारात बसला होता. पाया पडले. सगळं सांगितलं, वाढायचं होतं तेही. तो उठला. आत गेला, हंडा तिरका करून तळचं पाणी तांब्यात घेतलं, माझ्या हातात दिलं. घरात तेवढंच होतं. मी प्यायले, रडत प्यायले.
तांब्या रिकामा झाला. घसा तसाच.
त्याला कळलं. तो म्हणाला, “माझा होता तो मी दिला. तिचा तिच्याकडं माग.”

८ मे
पहारीनं कॉक फोडला, पुन्हा कुणाला बंद करता येऊ नये म्हणून. पाणी पाटाला लावलं — जुना पाट अजून आहे, पाला काढला नुसता. वाडीतून आवाज ऐकू आले. हंडे, बायका. सावित्री ओरडत होती, आला, आला. त्यांची तहान भागतेय. मला वाटलं आता —
नाही. जिभेला भेगा. बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

९ मे, सकाळ
डोळे मिटत नाहीत. कोरडे. पापणी घासते. अक्षरं नीट —
बारा वाजता वर जाणार. मागणार. पदर पसरून. देईल ती. मी नाही दिलं पण ती — तिनं मला आशीर्वाद दिला होता.

दुपार
झऱ्यावर. ऊन. ती आहे.
समोर बसलीय. रागावलेली नाही दिसत. मला तेच जास्त —
मागितलं. आवाज नाही, नुसते ओठ. तिला कळलं. हात उचलला पाण्यावरून. हसली.
म्हणते, पी. पोटभर पी, घाई नाय.
प्यायले. प्याय — थांबता येत नाही. मानेवर तिचा हात. वही सोडू देत नाही. म्हणते लिव, कसा लागतो ता लिव, तुज्या लोकास्नी कळूंदे —
गार आहे. गोड. मग — दाताखाली कचकच — तांबडी — ही माती आहे, तोंडभर माती, आणि ती अजून ओंज